क्लबमधून कॉलेजकडे : युरोपीय बास्केटबॉलपटूची वाट

लिथुआनियाचा तरुण गार्ड कास्पारास याकुचिओनिस २०२४ मध्ये बार्सिलोना क्लब सोडून अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात गेला. पूर्वी ही वाट इतकी सोपी नव्हती. युरोपात होतकरू खेळाडू क्लबमध्येच घडतो, कोवळ्या वयात करारबद्ध होतो. तर एनसीएए ही अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडासंघटना हौशीपणाचा आग्रह धरी. क्लबने केलेला प्रवास-निवासाचा खर्च क्षम्य, त्यावरची कमाई मात्र नव्हे. तुर्कस्तानच्या एनेस कँटरने फेनरबाचे क्लबकडून आवश्यक खर्चापेक्षा ३३,०३३ डॉलर अधिक घेतल्याचे ठरले आणि २०१०-११ च्या हंगामात केंटकी विद्यापीठाकडून त्याला एकही सामना खेळता आला नाही. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात! परदेशी खेळाडूपुढे आता अडसर आहे तो विद्यार्थी व्हिसाचा. त्यात कमाईवर कडक बंधने असतात.