बाईने देवापुढे मोठ्याने गावे का?

भाद्रपदाची पौर्णिमा आली की वऱ्हाडात संध्याकाळी भुलाबाईची गाणी सुरू होतात. पाटावर भुलोबा-भुलाबाई मांडायचे, पोरींनी भोवती बसून टिपऱ्यांवर एकामागून एक गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेला डबा कानाशी खुळखुळवून आतला खाऊ ओळखायला लावायचा. गोड की तिखट, ओला की कोरडा, यावर बराच वेळ गलका होतो. कोजागिरीपर्यंत हे चालते. या गाण्यांना कुणी हरकत घेतल्याचे मी ऐकलेले नाही. पण त्या पोरींतलीच एखादी मोठी झाली, वीणा-टाळांच्या मधोमध कीर्तनाला उभी राहायची म्हणाली, की अजूनही काही गावांत पारावर चर्चा होते.

हीच चर्चा ज्यू धर्मात सुमारे अठराशे वर्षे चालू आहे. तिथे या नियमाला ‘कोल इशा’ म्हणतात, म्हणजे स्त्रीचा आवाज. तिसऱ्या शतकातल्या बाबिलोनच्या शमुएल या धर्मगुरूचे एक मत तालमूद ग्रंथात नोंदलेले आहे. उघडे अंग जसे झाकावे, तसा स्त्रीचा आवाजही पुरुषाच्या कानाआड ठेवावा, असा त्याचा आशय. आधाराला त्याने बायबलातल्या ‘गीतरत्ना’तली ओळ घेतली आणि त्या ओळीत तर प्रियेच्या आवाजाची गोडी सांगितली आहे. मूळ चर्चा ‘शमा’ ही प्रार्थना म्हणताना लक्ष कशाने विचलित होते, याबद्दलची होती. म्हणून काही जुन्या आचार्यांनी हा नियम प्रार्थनेपुरताच मानला. पुढच्यांनी तो वाढवत नेला. आज कर्मठ ज्यू पुरुष परक्या स्त्रीचे गाणे समोर बसून ऐकत नाहीत.

पण त्यांच्याच धर्मग्रंथात समुद्र ओलांडल्यावर मोशेची बहीण मिर्याम डफ हाती घेते आणि सगळ्या बायका तिच्यामागे गात निघतात. दबोरा ही न्यायनिवाडा करणारी बाई विजयाचे दीर्घ गीत गाते. बंदीचे समर्थक यावर नाना खुलासे देतात. मला ते पटत नाहीत.

या वादात मला सर्वांत जवळचे वाटतात ते रब्बी येहिएल याकोव वाइनबर्ग. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधल्या एका ज्यू तरुण संघटनेत मुले-मुली शब्बाथची भक्तिगीते एकत्र म्हणत. चालेल का, असा प्रश्न त्यांच्याकडे आला. त्यांनी जर्मनीतल्या जुन्या कर्मठ गुरूंचा दाखला काढला: अनेक आवाज एकत्र आले की एकटा आवाज वेगळा ऐकू येत नाही, आणि गाणे देवाचेच आहे. परवानगी देताना त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. शिकलेल्या, चारचौघांत बोलणाऱ्या मुलींना गप्प बसवले, तर तो अपमान त्या सोसणार नाहीत आणि धर्मापासून दूर जातील. मुलीच्या मनाला काय वाटेल याचा विचार निर्णयात धरणारा धर्मगुरू मला मोठा वाटतो.

उलट उदाहरणेही आहेत. २०११ मध्ये इस्रायली लष्कराच्या एका कार्यक्रमात गायिका उभी राहताच काही धार्मिक प्रशिक्षणार्थी अधिकारी उठून बाहेर गेले. त्यांतल्या चौघांना अभ्यासक्रमातून काढले, आणि देशभर वाद पेटला. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी १९८८ पासून बायकांचा एक गट मोठ्याने प्रार्थना म्हणतो. त्यासाठी त्यांतल्या काहींना अटकही झाली. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, तरी तिथला विरोध थांबलेला नाही.

आपल्या मराठी मुलखातले ज्यू म्हणजे कोकणातले बेने इस्रायली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे जहाज फुटले, अशी त्यांची परंपरा. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली. वऱ्हाडात त्यांची मोठी वस्ती कधी झाली नाही, पण त्यांची भाषा आपलीच. सिनेगॉगमध्ये हिब्रू प्रार्थना पुरुषांकडे, बायका वेगळ्या बसत. घरात मात्र मलिद्याचा विधी असतो. भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, सुका मेवा, वर फळे असे ताट एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मांडतात. लग्नाआधी मेंदीची रात्र असते, आणि तिथली मराठी गाणी बायकांच्या तोंडी असतात.

त्यांच्यात कीर्तनही आले. १८८० च्या सुमारास हिंदू कीर्तने ऐकून काही बेने इस्रायली पुरुषांनी बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने रचली. साकी, दिंडी, आर्या, अभंग सगळे तेच, फक्त आख्यान अब्राहामाचे किंवा योसेफाचे. महाराष्ट्रातल्या राष्ट्रीय कीर्तनावर पुस्तक लिहिणाऱ्या अमेरिकी अभ्यासक अ‍ॅना शुल्ट्झ यांनी या गाण्यांचाही मागोवा घेतला आहे. पुरुषांनी उभ्या केलेल्या या ठेव्याचा भार पुढे मुख्यतः बायकांनी वाहिला, असे त्यातून दिसते. कोचीनच्या ज्यू बायकांनीही मल्याळम गाणी वह्यांत उतरवून जपली आणि पुरुषांसमोर उघडपणे गायली. नियम त्यांच्या धर्माचाही तोच होता. मातृभाषेतल्या गाण्यापर्यंत तो पोचला नाही, इतकेच. याचा मला आनंद आहे, आणि खंतही. घरात गाण्याची मोकळीक मिळाली, पण जिथे धर्म ठरतो तिथली जागा मिळाली नाही.

आपल्याकडेही भक्तीत पुरुषाने बाईचा सूर लावलेला चालला. गवळणी पुरुषांनी रचल्या. अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज स्वतःला कृष्णाची पत्नी मानून कुंकू, मंगळसूत्र धारण करत, आणि लोक त्यांच्या पाया पडत. बाईने स्वतःच्या सुरात गायचे म्हटले की मात्र शास्त्र आठवते.

या शास्त्रापुढे मी ऋद्धपूर ठेवतो. मोर्शी तालुक्यातल्या या गावी तेराव्या शतकात महानुभाव पंथाला पूज्य असलेल्या गोविंदप्रभूंनी आपल्या लग्नाचा हट्ट धरला. भक्तांनी सोहळा मांडला, आणि धवळे गायला पुढे केले ते महदाइसेला. महदाइसा बालविधवा. लग्नघरात विधवेची सावलीही नको मानणाऱ्या समाजात तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचून गुरूपुढे म्हटली. रुक्मिणीचे माहेर मानलेले कौंडिण्यपूरही याच जिल्ह्यातले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण जिचे नाव घेतो, ती पुरुषांच्या सभेत, धर्माच्या ऐन कार्यात गात होती. गोविंदप्रभूंनी ऐकले, पंथाने ते शब्द जपले.

लक्ष विचलित होते ते ऐकणाऱ्याचे, मग ते आवरण्याचे कामही त्याचेच. गाणारीने गळा का आवळावा? शमुएलच्या काळी हा प्रश्न कुणी विचारला असेल-नसेल, आज तो सिनेगॉगमध्येही विचारला जातो आणि आमच्या सप्ताहाच्या मांडवातही विचारायला हवा.

आता ऋद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. मुंबई-ठाण्यात आणि इस्रायलमध्ये वसलेल्या बेने इस्रायली घरांत बायबलकथांची मराठी गाणी येणाऱ्या आज्या आता थकल्या आहेत. त्यांच्या वह्या, त्यांचे आवाज या विद्यापीठाने गोळा करावेत, महदाइसेच्या धवळ्यांशेजारी ठेवावेत, आणि भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या वऱ्हाडातल्या पोरींकडून ती तिथे म्हणवून घ्यावीत. हे काम पुढच्या दिवाळीपर्यंत सुरू व्हायला हवे.