ओट आणि चॉकलेट यांच्या वड्या

नारळाची वडी असो वा बेसनाची, ती साधली की फसली हे थाळी निवल्यावाचून कळत नाही, हा आपल्या स्वयंपाकघरातील जुना अनुभव आहे. पाक कच्चा राहिला तर मिश्रण पसरते. पुढे गेला तर त्याचा भुगा होतो. वडीचे सारे मर्म पाकात आहे असे आपण मानतो, आणि ते बहुतांशी खरेही आहे.

युरोप व अमेरिकेतील घरांतून ओट नावाच्या धान्याच्या वड्या भट्टीत भाजण्याची प्रथा आहे. ब्रिटनमध्ये ओट, लोणी व साखरेचा पाक एकत्र करून केलेल्या साध्या वडीस फ्लॅपजॅक म्हणतात. अमेरिकन घरांत ओटच्या दोन थरांमध्ये चॉकलेटचा थर घालून केलेली वडी विशेष आवडीची आहे. या दुसऱ्या प्रकारात चुलीवर पाक करावा लागत नाही आणि अंडेही लागत नाही. तरीही ती निवल्यावर सुरीने नेमकी कापली जाते. मग तिला बांधून ठेवते ते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले असता धान्य, दूध, शर्करा व स्निग्ध पदार्थ यांच्या गुणधर्मांचा एक सुबोध पाठच आपणांस मिळतो.

ओट व त्याचे पोहे

ओट हे गवताच्या कुळातील तृणधान्य होय. वनस्पतिशास्त्रात त्यास अव्हेना सटायव्हा असे नाव आहे. थंड व दमट हवा त्यास मानवते. म्हणून स्कॉटलंडसारख्या, गव्हास फारशा अनुकूल नसलेल्या प्रदेशात ते शतकानुशतके माणसांचे नित्याचे अन्न होते. उत्तर भारतात ते जई या नावाने मुख्यतः हिरव्या वैरणीसाठी पेरले जाते.

ओटच्या दाण्यात स्निग्धांश शेकडा ६ ते ८ असतो. गव्हात तो शेकडा २ च्या आसपास असतो. त्याच दाण्यात स्निग्ध पदार्थांचे विघटन करणारे लायपेज नावाचे विकरही असते. दाणा अखंड असेपर्यंत ही दोन्ही एकमेकांपासून अलग राहतात. दाणा भरडला की ती एकत्र येतात आणि पीठ लवकरच कडवट होऊ लागते. हा दोष टाळण्यासाठी गिरणीत तुसे काढलेले दाणे प्रथम वाफेवर तापवतात. त्यायोगे विकर निष्क्रिय होते व दाणाही मऊ पडतो. मग तो फिरत्या रुळांमधून नेऊन चपटा करतात. आपल्याकडे साळ भिजवून, भाजून व दडपून जे पोहे होतात त्यांच्याशी या प्रक्रियेचे साम्य आहे. म्हणून पुढील विवेचनात या चपट्या दाण्यांस आपण ओटचे पोहे असेच म्हणू.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांपासून ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. ओटमधील प्रथिने निराळ्या प्रकारची असल्याने ओटच्या पिठाचा तसा चिवट गोळा बनत नाही. याचा अर्थ असा की, ओटच्या वडीस बंधन बाहेरून पुरवावे लागते.

कोकोच्या बीपासून चॉकलेटपर्यंत

कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांचे. १७५३ साली लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्यास थिओब्रोमा असे जातिनाम दिले. या ग्रीक शब्दाचा अर्थ देवांचे अन्न असा आहे. आज भारतात केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडू या राज्यांत नारळी-पोफळीच्या बागांतून कोकोची लागवड होते.

फळातील बिया गरासह काही दिवस आंबवून, वाळवून मग भाजतात. भाजलेल्या बीच्या गरात निम्म्याहून थोडी अधिक चरबी असते. १८२८ साली हॉलंडमधील व्हान हूटन यांच्या कारखान्यातून ही चरबी दाबयंत्राने अलग करण्याची युक्ती पुढे आली. १८४७ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्याने कोको, साखर व ही निराळी काढलेली चरबी एकत्र करून खाण्याचे घट्ट चॉकलेट तयार केले. तोपर्यंत चॉकलेट हे मुख्यतः पेयच होते.

कोकोच्या चरबीचे वैशिष्ट्य असे की, ती सहा निरनिराळ्या प्रकारच्या स्फटिकांच्या रूपाने घट्ट होऊ शकते, आणि प्रत्येक प्रकाराचा वितळणबिंदू वेगळा असतो. चांगल्या चॉकलेटमध्ये जो प्रकार हवा असतो तो सुमारे ३४ अंश सेल्सिअस तापमानास वितळतो. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या जवळपास असल्याने असे चॉकलेट हाताळताना घट्ट भासते व जिभेवर विरघळते. मे महिन्यात भारतातील बहुतेक ठिकाणी ते कागदातच का वितळते, याचा उलगडाही यातूनच होतो.

साहित्य व कृती

पुढील प्रमाणात १६ वड्या होतात :

ओटचे पोहे – २०० ग्रॅम
गव्हाचे पीठ – १०० ग्रॅम
बारीक केलेला गूळ – १२० ग्रॅम
विकतचे लोणी – १५० ग्रॅम
खाण्याचा सोडा – पाव चहाचा चमचा
मीठ – एक चिमूट (लोणी खारे असल्यास घालू नये)
गडद चॉकलेट – १५० ग्रॅम
साखर घालून आटवलेले डबाबंद दूध – २०० ग्रॅम

ओटचे पोहे, पीठ, गूळ, सोडा व मीठ एकत्र करावे. लोणी मंद आचेवर पातळ करून त्यात मिसळावे. मिश्रण भिजल्या वाळूसारखे दिसले पाहिजे. मुठीत दाबले असता त्याचा मुटका वळावा व बोटाने टोचताच फुटावा. २० सेंटिमीटर बाजूच्या, उभ्या काठांच्या चौरस भांड्यास आतून कागद लावून, दोन तृतीयांश मिश्रण तळाशी घट्ट दाबून बसवावे.

चॉकलेटचे तुकडे व आटवलेले दूध एका भांड्यात घालून ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यावर धरावे व ढवळत राहावे. मिश्रण एकजीव झाले की ते थरावर ओतून पसरावे. उरलेले ओटचे मिश्रण वरून भुरभुरावे. भट्टी आधीच १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवलेली असावी. तीत हे भांडे २५ ते ३० मिनिटे, कडा तांबूस होईपर्यंत, ठेवावे. बाहेर काढल्यावर किमान दोन तास निवू द्यावे व मगच वड्या कापाव्यात.

लोण्याऐवजी तूप घेतले तर चालेल काय, असा प्रश्न गृहिणी विचारतील. विकतच्या लोण्यात सुमारे शेकडा ८० स्निग्धांश असून उरलेला भाग मुख्यतः पाण्याचा असतो. तुपात पाणी जवळजवळ नसतेच. म्हणून १५० ग्रॅम लोण्याऐवजी १२० ग्रॅम तूप घ्यावे व दोन मोठे चमचे दूध शिंपडावे. हे दूध वगळल्यास गूळ पुरेसा विरघळत नाही आणि वडी नानकटाईसारखी खुसखुशीत, पण ठिसूळ होते.

कोरडे चॉकलेट एकटे वितळवताना त्यात पाण्याचे दोनचार थेंब पडले तर ते एकाएकी घट्ट व रवाळ होते. याचे कारण, चॉकलेटमधील साखरेचे सूक्ष्म कण चरबीत तरंगत असतात. थोड्याशा पाण्याने ते ओले होऊन एकमेकांस चिकटतात व त्यांच्या गुठळ्या बनतात. आपल्या कृतीत आटवलेल्या दुधाच्या रूपाने पाणी पुरेसे असल्यामुळे साखर त्यात विरघळून जाते आणि ही आपत्ती सहसा ओढवत नाही.

भट्टीतील अर्धा तास

भट्टीत प्रथम लोण्यातील पाणी तापते व त्यात गूळ विरघळू लागतो. म्हणजे जो पाक आपण चुलीवर केला नाही तो ओटच्या पोह्यांमधील फटींत आपोआप तयार होतो. ओटमधील पिष्ट फुगावयास भरपूर पाणी लागते. येथे पाणी थोडे आणि त्यावर शर्करेचाही हक्क. म्हणून पिष्ट अर्धवटच फुगते. पोह्यांचा दाणा वडीत शेवटपर्यंत चघळता येण्याजोगा राहतो तो यामुळेच. त्याच वेळी सोड्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड वायू निघतो व थरास किंचित हलकेपणा आणतो. मधल्या थरात दुधातील प्रथिने उष्णतेने एकमेकांत गुंतू लागतात आणि चॉकलेट दाट होते.

कडा तांबूस होणे ही निराळीच विक्रिया होय. प्रथिनांचे घटक व काही विशिष्ट शर्करा उष्णतेने संयोग पावून तपकिरी रंगाची व खमंग वासाची अनेक संयुगे निर्माण करतात. १९१२ साली लुई कामीय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले; म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पावाचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, कोकोची भाजलेली बी या सर्वांचा वास मोठ्या प्रमाणात याच विक्रियेतून येतो. शुद्ध साखर या विक्रियेत सरळ भाग घेऊ शकत नाही. गुळात मात्र साखरेखेरीज ग्लुकोज व फ्रुक्टोज याही शर्करा असतात, आणि त्या यात सहज भाग घेतात. म्हणून गुळाची वडी लवकर रंग धरते. सोड्यामुळे येणारा अल्कधर्मही याच विक्रियेस साहाय्य करतो. मात्र जोवर एखादा भाग ओला आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. यास्तव आधी वाळणाऱ्या कडा तांबूस होतात व मध्यभाग फिकट राहतो. मध्यभागासही तोच रंग येण्याची वाट पाहिल्यास कडा करपतात.

निवण्याचे महत्त्व

भांडे भट्टीतून बाहेर काढले की पदार्थ तयार झाला, अशी बहुतेकांची समजूत असते. या वडीच्या बाबतीत ती खरी नाही. या क्षणी लोणी व कोकोची चरबी द्रवरूप आहेत, गुळाचा पाक पातळ आहे आणि मधला थर लिबलिबीत आहे. आताच सुरी घातली तर वडीचा चुरा होईल, आणि करणाऱ्यास वाटेल की भाजणे कमी पडले. तो भांडे पुन्हा भट्टीत ठेवील. त्यामुळे उरलेले पाणीही उडून जाईल व निवल्यावर वडी दगडासारखी होईल. घरोघरी या वड्या बिघडतात त्या बहुधा अशाच.

वास्तविक, तापमान उतरू लागले की पाक दाट होत जातो व पोह्यांचे कण एकमेकांस चिकटवतो. त्यामागोमाग स्निग्ध पदार्थांचे स्फटिक बनू लागतात आणि सर्व फटी भरून निघतात. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. वडीस बांधणारी द्रव्ये तीन : दुधातील प्रथिने, गुळाचा पाक आणि स्निग्ध पदार्थ. यांपैकी पहिल्याचे कार्य मुख्यतः भट्टीत होते. उरलेल्या दोहोंचे भट्टीबाहेर. निवणे हा पाकक्रियेचाच उत्तरार्ध आहे.

उन्हाळ्यात खोलीचे तापमानच ३५ अंशांच्या पुढे गेलेले असते. अशा वेळी स्निग्ध पदार्थ घट्ट होणे शक्य नसते. म्हणून भांडे आधी खोलीतच कोमट होऊ द्यावे व नंतर तासभर शीतकपाटात ठेवावे. तयार वड्या हवाबंद डब्यात ठेवाव्यात.

पौष्टिकतेचा हिशेब

ओट हृदयास हितकर असते, असे आपण वारंवार ऐकतो. या म्हणण्यास शास्त्रीय आधार आहे. ओटमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू सुमारे शेकडा ४ असतो. तो आतड्यात दाट द्रव बनवतो व पित्तातील आम्लांचे पुनःशोषण कमी करतो. त्यांची भरपाई करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. दररोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, हे ध्यानी घेऊन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओटच्या वेष्टनांवर तसे विधान छापण्यास मुभा दिली.

परंतु त्या बळावर ओटच्या प्रत्येक मिठाईस पौष्टिक म्हणता येईल काय? आपल्याच वडीचा हिशेब करू. २०० ग्रॅम ओटमध्ये सुमारे ८ ग्रॅम बीटा-ग्लुकन, म्हणजे एका वडीत अर्धा ग्रॅम. ३ ग्रॅमसाठी सहा वड्या खाव्या लागतील. गूळ, दुधात घातलेली साखर व चॉकलेटमधील साखर मिळून एका वडीत सुमारे १६ ग्रॅम शर्करा असते. सहा वड्यांत ती ९६ ग्रॅम होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, २,००० किलोकॅलरी आहार घेणाऱ्या माणसाने दिवसाकाठी अशी शर्करा ५० ग्रॅमच्या आत ठेवावी. शिवाय एका वडीची उष्मांकसंख्या सुमारे २५० किलोकॅलरी असल्याने सहा वड्यांची १,५०० होते. उलट, केवळ ७५ ग्रॅम ओटची साधी लापशी शिजवली तर त्याच ३ ग्रॅमची गरज साखरेवाचून भागते. साखरेऐवजी गूळ वापरल्यानेही या हिशेबात फारसा फरक पडत नाही, कारण गुळाचा बहुतांश भाग शर्कराच असतो.

आणखी एक सूचना आवश्यक आहे. ज्यांस ग्लुटेन सोसत नाही अशा सिलियाक विकाराच्या रुग्णांस वरील वडी देऊ नये. तीत गव्हाचे पीठ आहेच. पण ते वगळले तरी शेतात, वाहतुकीत व गिरणीत ओटमध्ये गहू किंवा जव मिसळलेला असू शकतो. अशा रुग्णांनी ग्लुटेनमुक्त असल्याची खात्री दिलेले ओटही वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

तात्पर्य, ही वडी म्हणजे मिठाई आहे, औषध नव्हे; आणि मिठाई म्हणून ती उत्तम आहे. सणासुदीस वा मुलांच्या मेळाव्यास ती अवश्य करावी, एकेक वाटून द्यावी आणि निवेपर्यंतच्या दोन तासांत मुलांस हे सांगावे की, भांड्यात वरून काहीच हालचाल दिसत नसली तरी वडी अद्याप घडतेच आहे.