मेगर लावण्याआधी प्लग काढा

आज वायरिंगच्या नियतकालिक तपासणीबद्दल बोलू. विषय इलेक्ट्रिकलचा असला तरी मोजमाप करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

वायरिंग जुनं होतं तसं तारांवरचं इन्सुलेशन कमकुवत होतं. ते तपासायला सप्लाय बंद करतात, तो खरंच बंद आहे याची खात्री करतात आणि मेगर लावतात. २३० व्होल्टच्या सर्किटला ५०० व्होल्ट डीसी देतात. आयईसी ६०३६४ या मानकानुसार रोध किमान १ मेगओहम हवा.

आता समजा, एक कॉम्प्युटर जोडलेलाच राहिला. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये बहुधा एक डिस्चार्ज रेझिस्टर असतो. तो ०.५ मेगओहमचा धरू आणि तारांचा रोध १००. दोन्ही समांतर, म्हणून १/१०० + १/०.५ = २.०१. मेगर दाखवणार ०.४९८. वायरिंग चांगलं, पण रिपोर्ट नापास!

खरी गोची पुढेच आहे. काही वर्षांनी इन्सुलेशन १०० वरून २० वर आलं, तरी रीडिंग होईल ०.४८८. पाचपट घसरण झाली आणि आकड्यात ती जवळजवळ दिसलीच नाही. नियमित तपासणी करायची ती हीच घसरण पकडायला ना?

शिवाय ५०० व्होल्टमुळे नाजूक इलेक्ट्रॉनिक्स बिघडू शकतं. म्हणून प्लगच काढायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण साधा स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलंच राहतं.

काही उपकरणं मात्र काढता येत नाहीत, उदाहरणार्थ सॉकेटमध्येच बसवलेला सर्ज प्रोटेक्टर. अशा वेळी मानक २५० व्होल्टवर चाचणीची मुभा देतं. १ मेगओहमची अट तीच. दुसरा मार्ग म्हणजे फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थिंगशी रोध मोजायचा. पण मग फेज आणि न्यूट्रल यांच्यामधला दोष सापडणार नाही, हे रिपोर्टमध्ये लिहायलाच हवं.

काढण्याचीही किंमत असते. उघडलेलं टर्मिनल परत नीट आवळलं नाही तर तिथेच तापतं. म्हणून काय काय सोडलं याची यादी आधी करा आणि जोडताना एकेक नोंदीवर टिक करा.

तुमच्या लॅबबुकमध्येही हीच सवय लावा. आकड्याशेजारी लिहा: त्या वेळी काय जोडलेलं होतं, काय काढलं होतं. नाहीतर पुढच्या वर्षीच्या रीडिंगशी तुलना कशाच्या आधारावर करणार?