टनीला हरवणारा एकमेव: हॅरी ग्रेब

बॉक्सिंगमध्ये जॅक डेम्प्सीला दोनदा हरवणारा जीन टनी सगळ्यांना ठाऊक असतो. पण टनी व्यावसायिक कारकिर्दीत एकदाच हरला, तो पिट्सबर्गच्या हॅरी ग्रेबकडून! २३ मे १९२२, न्यूयॉर्क. वजनाने हलक्या ग्रेबने पहिल्याच फेरीत टनीचं नाक फोडलं. रक्ताने माखलेला टनी पंधराही फेऱ्या उभा राहिला, हेही थोरच. त्या काळात ग्रेबची उजव्या डोळ्याची नजर अधू होत चालली होती, तरी पुढच्याच वर्षी तो मिडलवेट जगज्जेता झाला. सुमारे तीनशे लढती, पण एकीचीही फिल्म आज उपलब्ध नाही. आहे ती फक्त सरावाची. माझ्या मते तो विस्मरणात जाण्याचं मोठं कारण हेच. १९२६ मध्ये शस्त्रक्रियेनंतर, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला.