फ्रांको फाच्चो आणि इटालियन ऑपेरातील संचालकपदाचा उदय

१

एकोणिसाव्या शतकातील इटालियन ऑपेराचा इतिहास बहुधा रचनाकारांच्या नामावलीतून सांगितला जातो. रोस्सीनी, बेल्लीनी, दोनिझेत्ती, व्हेर्दी आणि शेवटी पुच्चीनी अशी नावे क्रमाने घेतली, की त्या शतकाचा आढावा पुरा झाला असे मानण्याची रीत आहे. या नामावलीत फ्रांको फाच्चो (१८४०–१८९१) याला स्थान नाही, आणि तसे ते नसावे याचे फारसे नवल वाटण्याचेही कारण नाही. त्याने उण्यापुऱ्या दोन ऑपेरांची रचना केली. त्यांपैकी एकही त्याच्या हयातीत रंगभूमीवर टिकला नाही. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याने ऑपेरा-रचनेचा कायमचा त्याग केला. परंतु त्याच वर्षापासून पुढे १८८९ पर्यंत मिलान येथील 'ला स्काला' या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाचा तो प्रमुख संचालक होता, आणि व्हेर्दीच्या उत्तरायुष्यातील महत्त्वाच्या कृती मिलानच्या श्रोत्यांनी प्रथम ऐकल्या त्या बव्हंशी त्याच्याच संचालनाखाली.

अशा कलावंताचे वर्णन 'अयशस्वी रचनाकार आणि यशस्वी संचालक' या दोन विशेषणांनी करून थांबता येईल. तसे करणे चूक नसले तरी अपुरे आहे. फाच्चोच्या आयुष्यातील अपयश आणि यश ही इटालियन ऑपेराच्या एकाच स्थित्यंतराची दोन अंगे होत, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी प्रथम या स्थित्यंतरापूर्वीची व्यवस्था काय होती हे पाहणे अवश्य आहे.

२

आज ज्याला आपण वाद्यवृंद-संचालक म्हणतो, म्हणजे हाती छडी घेऊन गायक, वृंदगायक आणि वादक या सर्वांना एकसूत्रात बांधणारी एकमेव व्यक्ती, ती इटालियन नाट्यगृहात शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती. तिचे काम दोघांत विभागलेले असे. 'माएस्त्रो कोंचेर्तातोरे' हा स्वरपट्टीच्या वाद्यापाशी बसून गायकांना त्यांच्या भूमिका शिकवी, त्यांची तालीम घेई. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र वाद्यवृंदाचे नेतृत्व पहिल्या व्हायोलिनवादकाकडे असे. तो स्वतः वाजवीत असे, आणि वेळप्रसंगी धनुकलीने ताल दाखवी. त्याच्यासमोर संपूर्ण स्वरलिपी नसून बहुधा व्हायोलिनचाच भाग असे, व इतर वाद्ये कोठे प्रवेश करतात याच्या खुणा त्यात नोंदलेल्या असत.

ही व्यवस्था आज विचित्र वाटली तरी तिच्या काळी ती पुरेशी होती. प्रत्येक हंगामासाठी नाट्यगृहाचा व्यवस्थापक नवा ऑपेरा लिहवून घेई. रचनाकार स्वतः गावात येऊन राही, उपलब्ध गायकांचे गळे पाहून संगीत लिही, आणि पहिल्या तीन प्रयोगांना वाद्यवृंदात बसण्याचे बंधन करारानेच त्याच्यावर असे. संगीताचे साचे सर्वांच्या परिचयाचे होते. वाद्यवृंदाचे मुख्य काम गायनाला आधार देण्याचे होते. जेथे कर्ता स्वतः हजर आहे आणि रीत सर्वांना ठाऊक आहे, तेथे तिसऱ्या अधिकाऱ्याची गरज पडत नाही.

१८४० नंतर या व्यवस्थेचे तीनही आधार ढासळू लागले. लोकप्रिय झालेले ऑपेरा एका गावाहून दुसऱ्या गावी पुनःपुन्हा होऊ लागले. नव्या कृतींचे प्रमाण घटले आणि जुन्यांचा संच स्थिरावला. परिणामी बहुसंख्य प्रयोगांच्या वेळी रचनाकार अनुपस्थित असे. दुसरे असे की, मायरबेअरच्या फ्रेंच धाटणीच्या भव्य ऑपेरांबरोबर मोठे वृंदगायन, रंगमंचामागील वाद्ये आणि गुंतागुंतीची वाद्ययोजना इटलीत आली. ती एका व्हायोलिनवादकाच्या आवाक्याबाहेरची होती. तिसरे कारण व्यावहारिक आहे. नव्याने एकत्र झालेल्या इटलीच्या राज्यात १८६५ साली लेखनहक्काचा कायदा झाला, आणि रिकोर्दीसारख्या प्रकाशकांच्या अधिकारास बळकटी आली. स्वरलिपी भाड्याने देणाऱ्या प्रकाशकाला ती लिहिल्याबरहुकूम गायिली-वाजविली जावी याची काळजी असणे स्वाभाविक होते. अनुपस्थित रचनाकाराचा मुखत्यार म्हणून कोणीतरी नाट्यगृहात उभे राहणे आता अपरिहार्य झाले.

हे दोन्ही अधिकार एका हाती आणणारा पहिला मोठा इटालियन संचालक म्हणून आंजेलो मारिआनी (१८२१–१८७३) याचे नाव घेतले जाते. तो मुळात व्हायोलिनवादक, म्हणजे जुन्या परंपरेतून आलेला. फाच्चो हा त्याच्या पुढच्या पिढीचा, आणि तो रचनाकाराच्या बाजूने या पदाकडे आला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

३

फाच्चोचा जन्म ८ मार्च १८४० रोजी व्हेरोना येथे झाला. मिलानच्या संगीत विद्यालयात शिकत असताना त्याची आर्रिगो बोइतो याच्याशी मैत्री जडली. ती अखेरपर्यंत टिकली. दोघांनी मिळून १८६० व १८६१ मध्ये देशभक्तिपर संगीतकृती रचल्या, आणि त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसला गेले. तेथे रोस्सीनी आणि व्हेर्दी या दोघांचीही भेट त्यांना घडली. परत आल्यावर मिलानमधील ज्या बंडखोर तरुण साहित्यिक-कलावंतांच्या मंडळाला 'स्कापिल्यातुरा' हे नाव पडले, त्यात हे दोघेही होते. इटालियन ऑपेराने ठराविक साचे टाकून द्यावेत, काव्य आणि संगीत यांचा नव्याने मेळ घालावा, असा या मंडळाचा आग्रह होता.

नोव्हेंबर १८६३ मध्ये फाच्चोचा पहिला ऑपेरा, 'फ्लेमिश निर्वासित', ला स्काला येथे सादर झाला. त्याची संहिता एमिलिओ प्रागाची होती. त्याला मिळालेले यश बेताचेच होते. परंतु त्यानिमित्त झालेल्या मेजवानीत बोइतोने म्हटलेली एक कविता संगीताच्या इतिहासात चिरस्मरणीय ठरली. इटालियन कलेची वेदी विटाळलेली असून ती शुद्ध करणारा कदाचित आता जन्मला असेल, असा तिचा आशय होता. व्हेर्दीने तो टोला स्वतःवर घेतला. फाच्चोने त्याला आदरपूर्वक पत्र लिहिले. उत्तर आले ते सौजन्याचे पण थंड. ही अढी सुटण्यास पुढे सोळा वर्षे जावी लागली.

दुसरा ऑपेरा 'आम्लेतो', म्हणजेच शेक्सपिअरचा 'हॅम्लेट', ३० मे १८६५ रोजी जेनोवाच्या कार्लो फेलीचे नाट्यगृहात मारिआनीच्या संचालनाखाली झाला. संहिता बोइतोची होती. श्रोत्यांचे मत संमिश्र होते. ओफेलियाच्या अंत्ययात्रेचे संगीत मात्र सर्वांना मानवले. पुढल्याच वर्षी फाच्चो, बोइतो आणि प्रागा गारिबाल्दीच्या स्वयंसेवक सेनेत दाखल झाले. युद्ध संपल्यावर फाच्चो एका इटालियन ऑपेरा मंडळीबरोबर स्कँडिनेव्हियात संचालक म्हणून गेला, आणि १८६८ मध्ये मिलानच्या विद्यालयात अध्यापक झाला. 'आम्लेतो'ची सुधारित आवृत्ती फेब्रुवारी १८७१ मध्ये ला स्काला येथे रंगभूमीवर आली. हॅम्लेटची भूमिका करणारा तिबेरीनी आजारी होता. त्याचा आवाज बसलेला होता. ऑपेरा पडला. फाच्चोने स्वरलिपी मागे घेतली आणि पुन्हा ऑपेरा लिहिला नाही.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. बोइतोचा 'मेफिस्तोफेले' १८६८ मध्ये याच नाट्यगृहात याहूनही मोठ्या गोंगाटात कोसळला होता. बोइतोने त्यात कसून फेरफार केले. १८७५ मध्ये बोलोन्या येथे तो यशस्वी झाला आणि आजही त्याचे प्रयोग होतात. दोघा मित्रांच्या वाट्याला सारखेच अपयश आले. पण एकाने दुसरी संधी घेतली, दुसऱ्याने घेतली नाही.

४

रचनाकार म्हणून फाच्चो ज्या वर्षी मूक झाला, त्याच वर्षी तो ला स्कालाचा प्रमुख संचालक झाला. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी त्याने 'आयीदा'चा युरोपातील पहिला प्रयोग केला. कैरो येथील पहिला प्रयोग २४ डिसेंबर १८७१ रोजी बोत्तेझीनीच्या संचालनाखाली झाला होता. परंतु त्याला व्हेर्दी उपस्थित नव्हता. मिलानच्या तालमी त्याने स्वतः पाहिल्या, आणि म्हणून खऱ्या अर्थाने कर्त्याची संमती मिळालेला प्रयोग तो हाच.

या काळातील व्हेर्दीची पत्रे संचालकपदाच्या अभ्यासकास फार मोलाची आहेत. एकीकडे त्याला कडक शिस्तीचा वाद्यवृंद हवा होता. पूर्वी विखरून बसणारी तंतुवाद्ये एकत्र बसवावीत, वाद्यवृंदाची मांडणी बदलावी, अशी त्याची मागणी होती. हे सर्व अधिकारसंपन्न संचालकाखेरीज अशक्य होते. दुसरीकडे, एप्रिल १८७१ च्या एका पत्रात त्याने संचालकांच्या 'सर्जना'विरुद्ध तीव्र तक्रार केली आहे. कृतीचा कर्ता एकच असावा, आणि लिहिलेले आहे तेवढे साधेपणाने व अचूक वाजवले जावे, एवढेच आपले मागणे असल्याचे तो सांगतो. उदाहरण त्याने मारिआनीचेच दिले आहे. 'दैवाची शक्ती' या ऑपेराच्या प्रारंभिक वाद्यसंगीतात पितळी वाद्यांचा एक भाग मठवासी साधूचे भजन सूचित करण्यासाठी मंद आवाजात योजलेला होता. मारिआनीने तो जोरकस वाजवून घेतल्यामुळे त्याचे रूपांतर रणवाद्यांत झाले. श्रोते खूष झाले, पण अर्थ हरपला.

म्हणजे संचालकाला अधिकार तर द्यावयाचा, पण त्याने तो कर्त्याच्या वतीने वापरावयाचा, असा हा पेच होता. फाच्चोने तो बऱ्याच अंशी सोडविला असे व्हेर्दीच्या पुढील वर्तनावरून दिसते. १८७४ मध्ये ला स्काला येथे 'रेक्विएम'चा पहिला प्रयोग व्हेर्दीने स्वतः चालवला आणि पुढील प्रयोग फाच्चोच्या स्वाधीन केले. 'सिमोन बोक्कानेग्रा'ची सुधारित आवृत्ती (२४ मार्च १८८१), 'दोन कार्लो'ची चार अंकी आवृत्ती (१० जानेवारी १८८४) आणि 'ओतेल्लो' (५ फेब्रुवारी १८८७) या तिन्ही कृती त्याच्याच हाती सोपविल्या गेल्या. व्हेर्दी सहजासहजी विश्वास टाकणारा नव्हता. 'ओतेल्लो'च्या वेळी तर शेवटच्या तालमीनंतरही कृती मागे घेण्याचा हक्क त्याने राखून ठेवला होता.

'ओतेल्लो'च्या निर्मितीत फाच्चोचा आणखी एक वाटा आहे. १८७९ च्या उन्हाळ्यात व्हेर्दी मिलानला आला असता एका भोजनप्रसंगी प्रकाशक जुलिओ रिकोर्दीने शेक्सपिअरच्या या नाटकाचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी फाच्चो बोइतोला घेऊन व्हेर्दीकडे गेला, आणि जुनी अढी सुटली. ज्याने बोइतोच्या शेक्सपिअरीय संहितेवर स्वतः संगीत रचून हार पत्करली होती, त्यानेच बोइतोच्या दुसऱ्या शेक्सपिअरीय संहितेसाठी दुसऱ्या रचनाकाराचे दार उघडून दिले. यातील औदार्य नजरेआड करता येत नाही.

व्हेर्दीपुरतेच फाच्चोचे कार्य मर्यादित नव्हते. पोंक्येल्लीचा 'ला जोकोंदा' (१८७६) त्याने प्रथम सादर केला. विद्यार्थी पुच्चीनीची 'काप्रिच्चो सिंफोनिको' ही वाद्यरचना १८८३ मध्ये आणि त्याचा 'एदगार' हा ऑपेरा १८८९ मध्ये त्यानेच लोकांसमोर आणला. १८७३ मध्ये वाग्नरचा 'लोएनग्रिन' ला स्कालात आणण्याचा त्याचा प्रयत्न श्रोत्यांच्या विरोधामुळे फसला. १८७८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ला स्कालाचा वाद्यवृंद त्याच्या नेतृत्वाखाली वाजला. ऑपेराच्या या वादकांनी निव्वळ वाद्यसंगीताच्या मैफली नियमाने कराव्यात, ही प्रथा मिलानमध्ये रुजविण्याचे श्रेयही बरेचसे त्याचे आहे.

५

१८८९ च्या जुलैमध्ये त्याने लंडनला 'ओतेल्लो' सादर केला, आणि डिसेंबरमध्ये ला स्काला येथे वाग्नरचा 'नुरेंबर्गचे गायकश्रेष्ठ'. त्याच हंगामात त्याच्या मेंदूच्या विकाराची लक्षणे स्पष्ट झाली. ग्रात्स येथे क्राफ्ट-एबिंग या प्रसिद्ध वैद्याचा सल्ला घेण्यात आला, पण उपाय नव्हता. पार्माच्या संगीत विद्यालयाचे संचालकपद त्याला मिळाले होते; ते काम त्याच्याने होणे शक्य नव्हते, म्हणून बोइतोने मानद संचालक होऊन ते सांभाळले आणि वेतन मित्राकडे जात राहिले. २१ जुलै १८९१ रोजी मोन्झा येथे फाच्चोचा अंत झाला.

ध्वनिमुद्रणाचे युग येण्यापूर्वीच तो गेल्यामुळे त्याचे संचालन कसे होते हे ऐकून ठरविण्याचा मार्ग आपल्याला नाही. पत्रे, परीक्षणे आणि त्याने मागे ठेवलेली व्यवस्था एवढाच पुरावा उरतो. 'ओतेल्लो'च्या पहिल्या प्रयोगात वाद्यवृंदात एकोणीस वर्षांचा एक चेलोवादक होता. त्याचे नाव आर्तूरो तोस्कानीनी. लिहिलेल्या स्वरलिपीशी निष्ठा हे तोस्कानीनीचे ब्रीद म्हणून पुढे जगभर गाजले. ते त्याने एकट्या फाच्चोकडून घेतले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ज्या पदावरून ते उच्चारता आले, ते पद इटलीत घडविणाऱ्यांत फाच्चो अग्रभागी होता हे निश्चित.

'आम्लेतो'चे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. अमेरिकन संचालक अँथनी बॅरीझ याने हस्तलिखितांवरून त्याची स्वरलिपी सिद्ध केली, आणि २०१४ मध्ये न्यू मेक्सिकोतील अल्बकर्की येथे हा ऑपेरा पुन्हा रंगभूमीवर आला. २०१६ मध्ये ऑस्ट्रियातील ब्रेगेंत्स महोत्सवात त्याचे प्रयोग झाले. ती सर्वश्रेष्ठ कृती आहे असा दावा कोणी करू नये. पण ती ऐकण्याजोगी आहे, आणि एका बसलेल्या आवाजाच्या रात्रीने तिचा निकाल लावणे न्याय्य नव्हते, हे या प्रयोगांनी दाखविले. पहिल्या रात्रीच्या कौलावर कृतीचे आयुष्य ठरणे, हा जुन्या व्यवस्थेचाच एक नियम होता. कृती पुनःपुन्हा, निष्ठेने आणि पुरेशा तयारीने सादर होत राहावी अशी नवी व्यवस्था फाच्चोने अठरा वर्षे झटून इतरांच्या कृतींसाठी उभी केली. तिचा लाभ त्याच्या स्वतःच्या कृतीला मिळण्यास मात्र जवळजवळ दीड शतक लागले.