वस्तीची शाळा आणि घरची बोली
दीपनगर परिसराच्या निमित्ताने एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

शाळा सर्वांसाठी खुली आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते विधान बहुधा प्रवेशापुरते असते. नाव हजेरीपटावर चढले की मूल शाळेत आले, असे प्रशासन मानते. परंतु त्या मुलाच्या तोंडची भाषा त्याच्याबरोबर वर्गात आली की उंबरठ्याबाहेर राहिली, हा प्रश्न हजेरीपटावरून सुटत नाही. प्राथमिक शाळेच्या सर्वसमावेशकतेचा विचार जात, धर्म, आर्थिक स्थिती आणि अपंगत्व या अंगांनी पुष्कळ झाला आहे. घरच्या बोलीच्या अंगाने तो त्या मानाने थोडा झाला आहे, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ज्या ठिकाणी काही उपयुक्त सांगता येण्यासारखे आहे ते ठिकाण नेमके हेच होय.

वस्तीतील सर्व मुलांनी जात, पंथ वा सांपत्तिक स्थिती यांचा भेद न करता वस्तीच्याच शाळेत शिकावे, ही कल्पना कोठारी आयोगाने (१९६४-६६) आग्रहपूर्वक मांडली होती. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या अधिनियमाने तिला, मर्यादित स्वरूपात का होईना, कायद्याचे रूप दिले. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा उपलब्ध असावी लागते. त्याच अधिनियमाच्या कलम २९ मध्ये, शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असेही म्हटले आहे. ही दोन्ही तत्त्वे एकत्र वाचली की अडचण लक्षात येते. वस्तीची शाळा म्हणजे अनेक घरांची शाळा. आणि ज्या वस्तीत घरोघरी बोली वेगळी, तेथे मातृभाषा कोणती मानावयाची?

२. दीपनगरची भाषिक घडण

जळगाव जिल्ह्यातील दीपनगर ही भुसावळजवळच्या औष्णिक विद्युत् केंद्राच्या आश्रयाने उभी राहिलेली वसाहत. अशा वसाहतीत माणसे नोकरीनिमित्त एकत्र येतात, गावकीच्या नात्याने नव्हे. राज्याच्या वीजमंडळातील, आणि २००५ नंतर महानिर्मिती कंपनीतील, बदल्यांमुळे विदर्भातील वऱ्हाडीभाषक कुटुंबे येथे येतात, तशीच धुळे, अमळनेर, चाळीसगाव या बाजूची अहिराणीभाषक कुटुंबेही येतात. फेकरी, पिंप्रीसेकम यांसारख्या आसपासच्या गावांत तावडी व लेवा गणबोली यांचा वावर आहे. भुसावळचे रेल्वे जंक्शन आणि भुसावळ व वरणगाव येथील आयुधनिर्माणी यांमुळे हिंदी व उर्दू बोलणारी घरेही या टापूत पूर्वीपासून आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला तडवी भिल्लांची व पावरा लोकांची वस्ती आहे, आणि बंजारा तांड्यांची गोरमाटी बोलीही जिल्ह्यात सर्वत्र ऐकू येते.

अशा वसाहतीत वस्ती हा शब्द जेवढा एकजिनसी वाटतो तेवढा तो नसतो. कायम नोकरांची निवासस्थाने, कंत्राटी मजुरांच्या खोल्या आणि भोवतालची शेतकरी गावे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. परंतु निवासस्थानांतील मुलाला प्रमाण मराठी आकाशवाणी, पुस्तके आणि आईवडिलांचे दप्तरी बोलणे यांतून शाळेपूर्वीच ओळखीची झालेली असते. इतर मुलांची तिच्याशी पहिली गाठ बहुतेक वेळा शिक्षकाच्या तोंडून पडते. दोन्ही मुले एकाच बाकावर बसली, तरी पाठ्यपुस्तकापासून त्यांचे अंतर सारखे नसते.

३. एका बोलीची दोन नावे

खानदेशी बोलींचे वर्गीकरण हा जुना वाद आहे. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीचा विचार मराठीच्या सातव्या खंडात न करता नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७), भिल्ली बोलींच्या बरोबर केला. जनगणनेतही अहिराणी, गुजरी आदी मातृभाषा ‘खानदेशी’ या स्वतंत्र शीर्षकाखाली मोजल्या जातात. या शीर्षकाखालील संख्या २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार होती; २०११ मध्ये ती सुमारे १८ लाख ६० हजारांवर आली. एवढ्या दहा वर्षांत बोलणारी माणसे नाहीशी होत नाहीत. आपल्या बोलीचे नाव सांगण्याची इच्छा मात्र कमी होऊ शकते, आणि मुलांशी ती बोलण्याची प्रथाही.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जनगणनेच्या तक्त्यात अहिराणी ही मराठीहून वेगळी गणली जाते; शाळेत मात्र ती मराठीच, परंतु ‘अशुद्ध’ मराठी, ठरते. भाषिक अल्पसंख्य वर्गातील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय असावी, अशी तरतूद सातव्या घटनादुरुस्तीने (१९५६) अनुच्छेद ३५०-अ मध्ये झाली. परंतु जिला शाळा मुळी वेगळी भाषा मानीतच नाही, तिच्या वाट्याला ही सोय कशी यावी? वेगळेपणाचा लाभही नाही आणि एकपणाचा मानही नाही, अशा कात्रीत अहिराणीभाषक मूल सापडते.

४. बोलीची व्यवस्था

‘मनी माय माले भाकर देस’ हे वाक्य पहिलीतील एखाद्या मुलाने उच्चारले, तर त्यात प्रमाण मराठीच्या दृष्टीने जवळजवळ प्रत्येक शब्द ‘चुकला’ आहे. अहिराणीच्या दृष्टीने त्यात एकही चूक नाही. ‘मना, मनी, मनं’ ही षष्ठीची रूपे ‘माझा, माझी, माझे’ यांच्याप्रमाणेच लिंगानुसार बदलतात. ‘माले’ यातील ‘ले’ हा चतुर्थीचा प्रत्यय होय. वऱ्हाडीतील ‘मले’ याच्याशी त्याचे साम्य उघड आहे. ‘घरमा’ यातील सप्तमीचा ‘मा’ गुजरातीची आठवण करून देतो. ‘देस’, ‘करस’, ‘जास’ यांतील ‘स’ हा वर्तमानकाळाचा प्रत्यय असून एकवचनात तो पुरुषानुसार वा लिंगानुसार बदलत नाही: मी करस, तू करस, तो करस, ती करस. म्हणून ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत जे मूल गोंधळते, त्याला लिंगभेद कळत नाही असे अनुमान काढणे चूक आहे. ‘मना’ व ‘मनी’ यांत तो भेद ते अचूक करीत असते. या विशिष्ट जागी त्याच्या बोलीला त्या भेदाची गरज पडत नाही, इतकेच.

ध्वनींच्या बाबतीतही हेच दिसते. प्रमाण मराठीतील ‘ळ’ च्या जागी या भागातील बोलींत ‘य’ येतो: शाळा-शाया, डोळा-डोया, काळा-काया. ‘पाणी’ चे ‘पानी’ होते, ‘कोण’ चे ‘कोन’ होते. ही नियमित ध्वनिसंगती आहे. जेथे नियम आहे तेथे अज्ञान नसते. आणि जो नियम मूल न शिकविता पाळते, त्याच्या आधाराने दुसरा नियम शिकविणे शक्य असते.

हे ‘ळ’ चे ‘य’ होणे एरवी अपरिचित नाही. जळगावजवळच्या आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या लेवा गणबोलीतील रचना १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत हे वैशिष्ट्य ठायी ठायी आढळते. बहिणाबाई निरक्षर होत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांची कविता शिकविताना ज्या उच्चाराचे कौतुक होते, तोच उच्चार त्याच परिसरातील मुलाच्या शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईने खोडला जातो. लेखनात प्रमाण रूपाचा आग्रह धरण्यात गैर काही नाही. परंतु खोडण्याचे कारण मुलाला सांगितले जात नाही, ही खरी उणीव होय.

५. चुकांचे तीन वर्ग

वर्गात जे काही ‘चुकते’ ते सर्व एकाच जातीचे नसते, हे शिक्षकाला स्पष्ट होणे ही सर्वसमावेशक शाळेची पहिली भाषिक गरज आहे. स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग बोलीजन्य भेदांचा. ‘शाया’, ‘माले’, ‘करस’ ही त्याची उदाहरणे. त्याची कसोटी अशी की तोच भेद मुलाच्या भावंडांत आणि त्याच बोलीच्या इतर मुलांत आढळतो, आणि तो नियमाने आढळतो.

दुसरा वर्ग लेखनजन्य चुकांचा. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद मराठीत बहुतेक बोलणाऱ्यांच्या उच्चारात अर्थभेदक राहिलेला नाही. म्हणून प्रमाण मराठी घरातील मूलही ‘पाणि’ लिहिते. या चुकांचा बोलीशी संबंध नाही, आणि त्या बोलीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

तिसरा वर्ग सर्वांत महत्त्वाचा. यात मुलाचे बोलणे वा लेखन प्रमाण भाषेपासून तर दूर असतेच, परंतु त्याच्या स्वतःच्या घरच्या बोलीपासूनही दूर असते. समजा, एका अहिराणीभाषक मुलाच्या बोलण्यात ‘करस’ चे ‘कर’ होते, ‘देस’ चे ‘दे’ होते, आणि शब्दांतील इतर ‘स’ व ‘श’ देखील गळतात. प्रमाण मराठीशीच तुलना करणारा शिक्षक ‘बोलीचा परिणाम’ म्हणून पुढे जाईल. ‘करस’ काय आणि ‘कर’ काय, त्याच्या लेखी दोन्ही अशुद्धच. पण ज्याला अहिराणीतील ‘स’ चे स्थान ठाऊक आहे तो थबकेल. ‘स’, ‘श’ हे उच्च कंप्रतेचे ध्वनी आहेत, आणि त्या पट्ट्यात श्रवण कमी असलेल्या मुलाला प्रथम तेच ऐकू येईनासे होतात. अशा मुलाची श्रवणपरीक्षा व्हावयास हवी.

अर्थात् बोलीचे अज्ञान दोन्ही दिशांनी घातक ठरते. एकीकडे निकोप मुलावर मंदपणाचा शिक्का बसतो. दुसरीकडे श्रवणदोष वा वाचनदोष असलेले मूल बोलीच्या सबबीखाली वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम विशिष्ट अध्ययन-अक्षमता लवकर ओळखण्याचे कर्तव्य शाळांवर टाकतो. घरच्या बोलीची माहिती नसता ते कर्तव्य नीट पार पडणे कठीण आहे.

६. दोन उदाहरणे

हा प्रश्न केवळ खानदेशाचा नाही. अमेरिकेतील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची एक प्राथमिक शाळा होती. शाळेत बहुसंख्य मुले सुस्थित गोऱ्या कुटुंबांतील. जवळच्या अल्प उत्पन्न गटाच्या वसाहतीतील काही कृष्णवर्णीय मुलेही तीत शिकत. या मुलांपैकी काहींना अध्ययन-अक्षम ठरविण्यात आले. पालकांनी दावा लावला. १२ जुलै १९७९ रोजी न्यायाधीश जॉइनर यांनी निर्णय दिला, तो असा की वाचन शिकविताना मुलांच्या घरच्या बोलीची दखल न घेणे हा समान शिक्षणसंधीतील अडथळा होय. त्या बोलीतून शिकवा असे न्यायालयाने म्हटले नाही. शिक्षकांनी ती ओळखावी आणि तिच्या आधाराने प्रमाण इंग्रजीचे वाचन शिकवावे, असे म्हटले. शाळा सर्वांना प्रवेश देत होती. तरीही ती सर्वांची झाली नव्हती.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. डॉ. मॅक्सीन बर्नसन या १९६६ मध्ये फलटण येथे तेथील मराठीतील भाषाभेदांचा अभ्यास करण्यासाठी आल्या. या विषयावर त्यांना १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्या फलटणलाच राहिल्या, आणि १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. वस्तीतील वाचता न येणाऱ्या मुलांना शिकविण्यापासून सुरू झालेल्या त्यांच्या कामातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. भारतात व्यवसायोपचाराचा पाया घालणाऱ्या कमलाबाई निंबकर यांचे नाव शाळेला देण्यात आले, हेही अर्थपूर्ण आहे. गावातील निरनिराळ्या थरांतील मुले एकत्र शिकावीत, ही या शाळेमागील भूमिका. वाचनशिक्षणात वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरांचे छोटे गट घेणे, स्वरचिन्हे लवकर आणणे आणि मुलाला ओळखीचे शब्द लगेच वाचता-लिहिता येतील असे करणे, ही पद्धती तेथे रुजली. भाषाभेदांचा अभ्यास करणाऱ्या व्यक्तीने अखेर प्राथमिक शाळा काढावी, यातील तर्कसंगती विचार करण्याजोगी आहे.

७. आक्षेप

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की पालकांना बोली नको, प्रमाण मराठी आणि इंग्रजी हवी असते. हा आक्षेप खरा आहे आणि पालकांची इच्छा रास्त आहे. प्रमाण भाषा ही नोकरीची, न्यायालयाची व ग्रंथांची भाषा आहे. ती मुलाला न देणे म्हणजे त्याला वस्तीतच कोंडणे होय. येथे प्रश्न ती द्यावी की नाही हा नसून कोणत्या वाटेने द्यावी हा आहे. ‘शाया’ पासून ‘शाळा’ कडे नेणारी वाट मुलाच्या पायाखालची असते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. एका वर्गात चार-पाच बोली असतील तर शिक्षकाने त्या सर्व शिकाव्यात काय? तशी अपेक्षा नाही. प्रत्येक बोलीतील दहा-पंधरा नियमित भेद, नेहमीचे शंभर-दीडशे शब्द आणि पहिल्या दोन इयत्तांत मुलाला आपल्या बोलीत उत्तर देण्याची मोकळीक, एवढ्याने पुष्कळ साधते. ‘माले’, ‘मले’ आणि ‘मला’ ही रूपे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, तर वऱ्हाडी, अहिराणी आणि प्रमाणभाषक अशी तिन्ही मुले एकमेकांकडून काहीतरी शिकतात. व्याकरणाचा पहिला पाठ याहून निराळा असावा लागत नाही.

८. समारोप

असे भेदकोश तयार करणे हे काम शिक्षकावर सोडून चालणार नाही. ते विद्यापीठांतील भाषाविभागांचे आहे. खानदेशातील बोलींचे वर्णन आजवर बहुशः वर्गीकरणाच्या आणि लोकसाहित्याच्या दृष्टीने झाले. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडची बोली, तीही मिश्र वस्तीतील, हा पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज आवाक्यात येणारा आणि तातडीचा विषय आहे. एकेका शाळेच्या परिसरातील घरांच्या बोली नोंदवून, त्यांचे प्रमाण मराठीशी असलेले नियमित संवाद चार पानांत मांडून, ती पाने पहिलीच्या शिक्षकाच्या हाती देणे, एवढे जरी झाले तरी हजेरीपटावरील नाव आणि वर्गातील मूल यांच्यामधील अंतर काही अंशी कमी होईल. वर्गात गप्प बसलेल्या मुलाला काही येत नाही की ते बोलले तर त्याला हसतील, हे ओळखण्याचे साधन शिक्षकाजवळ असल्याखेरीज वस्तीची शाळा त्या वस्तीची होत नाही.