‘कार्यक्षम वयोगट’ : एक संज्ञा आणि जपानचा अनुभव

अर्थशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. तथापि एखादी पारिभाषिक संज्ञा वस्तुस्थितीचे वर्णन करता करता तिच्याविषयीचे आपले मतही कसे घडविते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेतील आहे. प्रगत राष्ट्रांच्या लोकसंख्येच्या विवेचनात वारंवार येणारी ‘कार्यक्षम वयोगट’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. तिचा सांख्यिकीतील अर्थ एवढाच की, १५ ते ६४ वर्षे वयाच्या व्यक्तींची संख्या. तीत महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी येतो, अंथरुणाला खिळलेला पन्नाशीचा रुग्णही येतो. मात्र सदुसष्टाव्या वर्षी नेमाने दुकान उघडणारा गृहस्थ तीतून वगळला जातो. जपानी भाषेत या गटाला ‘सेइसान नेन्रेइ जिन्को’, म्हणजे उत्पादनाच्या वयातील लोकसंख्या, असे नाव आहे. दोन्ही नावांत वय आणि काम ही एकच मानली गेली आहेत.

या गटाचा संकोच प्रथम आणि ठळकपणे दिसला तो जपानमध्ये. तेथे १९९५ साली या वयोगटात सुमारे ८ कोटी ७० लक्ष माणसे होती. २०२४ साली ती सुमारे ७ कोटी ३७ लक्ष उरली. देशाच्या एकूण लोकसंख्येने आपला उच्चांक २००८ साली गाठला. म्हणजे एकूण लोकसंख्या वाढत असतानाच हा गट तेरा वर्षे घटत होता.

याचे कारण साध्या गणितात आहे. गटात दरवर्षी प्रवेश करणारे लोक म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी जन्मलेले; बाहेर पडणारे म्हणजे पासष्ट वर्षांपूर्वी जन्मलेले. स्थलांतर व मृत्यू क्षणभर बाजूला ठेवले, तर गटाची वाढघट या दोन पिढ्यांच्या आकारांतील फरकावर ठरते. महायुद्धानंतर १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत जपानमध्ये जन्मांची मोठी लाट आली. एकट्या १९४९ साली सुमारे २७ लक्ष मुले जन्मली. त्यांच्या मुलांची दुसरी लाट १९७१ ते १९७४ या काळात आली. तिसरी लाट मात्र आलीच नाही. २०२४ साली जपानी नागरिकांच्या पोटी सात लक्षांहूनही कमी मुले जन्मली. पहिल्या लाटेतील पिढी २०१२ पासून पासष्टीत पदार्पण करू लागली, तेव्हा घट अधिकच वेगाने होऊ लागली.

येथवरची हकीगत सर्वपरिचित आहे. तीवरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र संज्ञेच्या शब्दार्थावर विसंबलेला असतो : कार्यक्षम माणसे कमी झाली, म्हणून काम करणारी माणसेही कमी झाली असणार. प्रत्यक्षात २०१२ ते २०१९ या सात वर्षांत जपानचा कार्यक्षम वयोगट सुमारे ५० लक्षांनी घटला, आणि त्याच काळात रोजगारावर असलेल्यांची संख्या सुमारे ६ कोटी २८ लक्षांवरून ६ कोटी ७५ लक्षांवर गेली. या काळात १५ ते ६४ वयाच्या स्त्रियांपैकी कामावर असलेल्यांचे प्रमाण शेकडा ६१ वरून ७१ वर पोहोचले. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी आज दर चौघांत एक जण काम करीत आहे. ६५ ते ६९ या वयात तर निम्म्याहून अधिक. कायद्यानेही या प्रवाहाला वाट करून दिली. २०२१ पासून सत्तराव्या वर्षापर्यंत काम उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न करणे, हे मालकांचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे.

याच आकड्यांमुळे जपानच्या मंदगतीचा अर्थही बदलतो. फर्नांदेझ-व्हियावेर्दे, व्हेंच्युरा व याओ या अभ्यासकांनी २०२३ साली दाखवून दिले की, १९९८ ते २०१९ या काळात एकूण उत्पन्नाच्या वाढीत जपान अमेरिकेच्या बराच मागे पडला असला, तरी कार्यक्षम वयातील दरडोई उत्पन्नाची वाढ दोन्ही देशांत जवळजवळ सारखीच, किंबहुना जपानमध्ये किंचित अधिक होती.

यावरून चिंतेचे कारण नाही असे मात्र समजू नये. वाढलेल्या रोजगारापैकी पुष्कळसा अर्धवेळ स्वरूपाचा आहे. त्यामुळे माणसांची संख्या वाढली त्या मानाने श्रमाचे तास वाढले नाहीत. दुसरे असे की, घरात असलेली स्त्री किंवा निवृत्त झालेला वृद्ध कामावर येणे, ही साठ्यातून एकदाच करता येणारी उचल आहे. तो साठा आता बराचसा वापरून झाला आहे. आणि दुसऱ्या लाटेतील मोठी पिढी २०३६ पासून पासष्टी गाठू लागेल. परदेशी कामगारांची संख्या २०२४ साली २३ लक्षांवर गेली असली, तरी एक कोटीहून अधिक माणसांची तूट तेवढ्याने भरून निघत नाही.

तात्पर्य, घट खरी आहे. परंतु ती ज्या नावाने ओळखली जाते, त्या नावात घटीचा परिणाम आधीच गृहीत धरलेला आहे. मराठीत घर चालविणाऱ्याला आपण ‘कर्ता’ म्हणतो. तो कोणत्या वयाचा, हे त्या शब्दात नाही. तो करतो, एवढेच आहे. म्हणून १५ ते ६४ या गटाला सरळ ‘मध्यम वयोगट’ म्हणावे आणि प्रत्यक्ष कामावर असलेल्यांसाठी ‘कर्ती लोकसंख्या’ हा शब्द राखून ठेवावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. दोन संख्यांना दोन नावे मिळाली, म्हणजे एकीवरून दुसरीचे अनुमान करण्याचा मोह आपोआप कमी होईल. आणि त्या दोहोंमधील अंतर कोणाच्या श्रमाने भरून निघत आहे, हा खरा प्रश्न विचारता येईल.